प्रवरेवरील दोन धरणे

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. ती रचणाऱ्याने कोणास उपदेश केलेला नाही. एक अनुभव तेवढा नोंदवून ठेवला आहे. घर काय आणि लग्न काय, ठरविलेल्या रकमेत व ठरविलेल्या दिवशी कार्य क्वचितच तडीस जाते. जी माणसे हाताशी असावयाची ती ऐन वेळी नसतात. आणि जी बाब आरंभी कोणाच्याच ध्यानात आलेली नसते, नेमकी तीच शेवटी सर्वांत महाग पडते. आज अभियांत्रिकी विद्यालयांतून ‘बांधकाम व्यवस्थापन’ या भारदस्त नावाने जे शास्त्र शिकवितात, त्याचा बहुतेक विषय या एका म्हणीत आलेला आहे. चुना, दगड व लोखंड यांचे गुणधर्म सांगणारे शास्त्र निराळे. या शास्त्रास पडणारे प्रश्न काळाचे, पैशाचे आणि माणसांचे असतात. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकले पाहिजे, माल कोणत्या वाटेने व केव्हा आणावयाचा, कोणास किती मजुरी द्यावयाची, आणि चुकले तर भरपाई कोणी करावयाची, हे ठरविणे म्हणजेच व्यवस्थापन होय.

पुस्तकी व्याख्येपेक्षा प्रत्यक्ष उदाहरण अधिक बोलके असते. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात एकाच प्रवरा नदीवर दोन मोठी धरणे उभी आहेत. वरचे भंडारदऱ्याचे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये संपले. म्हणजे अवघी सोळा वर्षे. खालचे निळवंड्याचे. त्याची कल्पना १९७० मध्ये निघाली आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ते २०२३ मध्ये; म्हणजे त्रेपन्न वर्षे. हे दोन आकडे शेजारी मांडताच, ‘जुन्या काळची कामेच वेगळी!’ असा उद्गार ऐकणाऱ्याच्या तोंडून सहज निघतो. हा उद्गार निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नगरच्या भूमीस बांधकामाचे वेड नवे नाही. अहमद निजामशहाने १४९० मध्ये येथे आपली राजधानी वसविण्यास आरंभ केला, तेव्हा किल्ला मातीचा होता. दगडी तट चढला तो त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या काळी, १५५९ ते १५६२ या वर्षांत. शहराबाहेरील फराहबाग हा महाल, ज्यास लोक फऱ्याबाग म्हणतात, एका सरदाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती असा फिरत फिरत अखेर सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरा झाला. राजाची मर्जी फिरली की कामावरचा अधिकारी बदले, आणि अधिकारी बदलला की कामाचा नकाशाही बदले. धन्याने मध्येच विचार बदलणे हे इमारतीच्या धंद्यातील सर्वांत जुने दुखणे आहे. ज्याने स्वतःचे दोन खोल्यांचे घर बांधिले असेल, त्याला त्याचे निराळे स्पष्टीकरण नको. मात्र निजामशाहीतील त्या बदलांचा खर्च अखेर कोणाच्या सारावाढीतून निघाला असेल, हा प्रश्न तेव्हाच्या दरबारात कोणी विचारण्याचा संभव नव्हता.

तो प्रश्न प्रथम उघडपणे विचारला गेला तो इंग्रजी अमलात, आणि तोही दुष्काळाच्या तोंडावर. १८७६ च्या पावसाने दगा दिला. दक्षिणेतील लाखो माणसे कामाच्या शोधात निघाली, आणि सरकारने दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढले. आज नगर, राहुरी, श्रीरामपूर ओलांडून जाणाऱ्या आगगाडीत बसलेल्या किती प्रवाशांस ठाऊक असते, की आपल्या चाकांखालचा भराव उपाशी माणसांच्या पाट्यांनी घातलेला आहे? हा मार्ग १८७८ मध्ये खुला झाला. बांधकामाच्या दृष्टीने हा वेग अचंबा वाटण्याजोगा खरा. पण त्या वेगाचे इंधन काय होते हेही पाहिले पाहिजे. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी कमी करण्यात आली. दिवसाच्या कष्टाबद्दल पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून दुष्काळी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लेखी मांडली. उपाशी माणसानेही हिशेब मागावा, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या अंदाजपत्रकात नव्हती.

१८९९-१९०० चा दुष्काळ आणखी दारुण ठरला. त्यानंतर १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला गेला. दक्षिणेतील कालव्यांतून पाणीपट्टीच्या रूपाने गुंतविलेला पैसा परत येत नाही, अशी सरकारी हिशेबनिसांची जुनी तक्रार होती. आयोगाने हिशेबाची रीतच पालटली. कालव्यामुळे जो दुष्काळ टळेल, त्यावरचा वाचलेला खर्च हाही कालव्याचा नफाच समजावा, अशी ही दृष्टी होती. जे घडले नाही त्याची किंमत वहीत धरावयाची, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे पाणी अडवून खालच्या अवर्षणाच्या मुलखात न्यावे, या धोरणातून गोदावरीच्या खोऱ्यात दारणा, नीरेच्या खोऱ्यात भाटघर आणि प्रवरेवर भंडारदरा अशी धरणे उभी राहिली.

भंडारदऱ्याची जागा १९०३ च्या सुमारास आर्थर हिल या अभियंत्याने हेरली. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. एका बाजूस कळसूबाईचे शिखर, सभोवार उंच डोंगर, आणि मध्ये अरुंद खिंडीतून निघणारी नदी. थोड्या लांबीची भिंत बांधून पुष्कळ पाणी अडावे, अशी ही जागा. भिंत दोनशे सत्तर फूट उंच व सुमारे पाचशे सात मीटर लांब झाली, आणि तिच्या पोटात सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी राहू लागले.

परंतु जागा उत्तम असणे आणि काम सोपे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जवळचे आगगाडीचे ठाणे घोटी. तेथून डोंगराळ वाटेने यंत्रे, लोखंड, धान्य, सर्व काही वर आणावयाचे. रानात हजारो माणसांची वस्ती बसवावयाची तर धरणाआधी रस्ता हवा, रस्त्याबरोबर झोपड्या हव्यात, पिण्याचे पाणी, बाजार व दवाखाना हवा. धरण बांधणे म्हणजे प्रथम एक तात्पुरते गाव बांधणे, असे जे म्हणतात ते याच अर्थाने. शिवाय दगडी कामाची माणसे एका जातीची व एका कसबाची नसतात. खाणीत सुरुंग लावून दगड फोडणारे वडार वेगळे, तो घडविणारे पाथरवट वेगळे, ओळंबा धरून थर लावणारे गवंडी वेगळे, आणि डोक्यावर पाटी घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या बायाबापड्या वेगळ्या. यांपैकी एकाची टोळी खोळंबली की बाकीच्यांचे हात रिकामे, आणि रिकाम्या हातांची मजुरी चालूच. टोळी आणतो मुकादम. तो गावी जाऊन उचल देतो, माणसे गोळा करतो, हजेरी ठेवतो आणि मजुरीतून उचल कापून घेतो. मोठ्या कामाचा खरा आधार साहेबाच्या नकाशाइतकाच या मुकादमाच्या हजेरीपटावर असे.

याहून मोठा अडसर पावसाळा. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग म्हणजे जिल्ह्यातील अतिवृष्टीचा मुलूख. मृगापासून दसऱ्यापर्यंत दगडी काम जवळजवळ बंद. वर्षाचे आठ महिने कामाचे धरले तरी सोळा वर्षांची प्रत्यक्षात साडेदहाच होतात. त्यातही अर्धवट भिंतीवरून वा तिच्यात ठेविलेल्या मोऱ्यांतून पूर सुखरूप जाऊ द्यावयाचा असतो. म्हणून अमुक उंचीपर्यंत भिंत ज्येष्ठाअखेर आलीच पाहिजे, असे वेळापत्रक निसर्गच आखून देतो. दुसऱ्या बाजूने चुना घाई सहन करीत नाही. चुन्याचे काम हळूहळू घट्ट होते. त्यास पाणी पाजावे लागते, थरावर थर चढविताना धीर धरावा लागतो. पाऊस म्हणतो लवकर आवरा, चुना म्हणतो दम धरा. या दोघांच्या मध्ये व्यवस्थापक उभा असतो.

एवढ्यात १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले व परदेशी माल दुर्मिळ झाला. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने व त्याच वर्षीच्या अवर्षणाने दक्षिण हवालदिल झाली. तरीही काम चालू राहिले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणास विल्सन यांचे व जलाशयास आर्थर हिल यांचे नाव मिळाले. खाली ओझर येथील बंधाऱ्यातून दोन्ही तीरांवर कालवे निघाले. बेलापूर रोड स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढले, उसाचे मळे फुलले, आणि पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. दुष्काळी म्हणून गणलेल्या मुलखाचे एवढे रूपांतर एका भिंतीने केले. तिची थोरवी कमी लेखण्याचा आमचा उद्देश नाही.

तथापि, कोणत्याही कामाचा हिशेब उद्घाटनाच्या दिवशी पुरा होत नसतो. १९६९ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीत तडे गेल्याचे व मोठी गळती सुरू झाल्याचे आढळले. पाण्याची पातळी उतरवावी लागली, आणि पुढील वर्षांत भिंतीच्या मागील अंगास दगडी टेकू देऊन तिला सावरण्यात आले. गवंड्याने कसूर केली म्हणून हे घडले असे नव्हे. पाणी भिंतीस केवळ समोरून ढकलीत नाही. पायाच्या भेगांतून व सांध्यांतून शिरून ते तिला खालून वर उचलूही पाहते. फ्रान्समध्ये बूझे येथील धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या वर उचलणाऱ्या दाबाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले. तरी तो दाब हिशेबात धरण्याची वहिवाट सर्वत्र रुळण्यास पुष्कळ वर्षे लागली. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळील तिगरा धरण १९१७ मध्ये फुटले. त्या काळच्या अनेक दगडी धरणांच्या गणितात या दाबास पुरते स्थान नव्हते. गणितातून वगळलेले पाणी भिंतीतून वगळले जात नाही. ते आपली वाट पाहत बसते. भंडारदऱ्यास ते त्रेचाळीस वर्षे थांबले.

पाण्याप्रमाणेच त्या हिशेबातून माणसेही वगळली गेली होती. ज्यांच्या शेतांवर व गावठाणांवर जलाशय पसरला, ती डोंगरातील गरीब माणसे होती. त्या काळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची किंमत रोख देण्याची सोय होती. उठविलेल्या कुटुंबाने पुढे कोठे राहावे व काय खावे याची तजवीज नव्हती. याच सुमारास, १९२१ मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याने धरण थांबले नाही. पण धरणाखाली जाणाऱ्या माणसालाही आपले म्हणणे असते, ही गोष्ट महाराष्ट्रास कळली. तेव्हा भंडारदऱ्याच्या सोळा वर्षांची तारीफ करताना हेही म्हटले पाहिजे की, त्या सोळा वर्षांत कोणास काही विचारण्यात वेळ गेला नाही. कामाच्या वेगाचा काही भाग कौशल्याचा होता, आणि काही भाग दुसऱ्याच्या मौनाचा होता.

आता निळवंड्याकडे वळू. येथे मौन नव्हते. धरणाची जागा आधी म्हाळादेवीस योजिली होती. ती बदलून निळवंड्यास आली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि आधी पुनर्वसन मग धरण ही मागणी ठिकठिकाणी उठली. भिंतीमागे पाणी साठू लागल्यावरही कालवे अपुरेच होते. ज्यांच्या बागायतीतून कालवा जावयाचा त्या अकोल्याच्या शेतकऱ्यांचा उघड्या कालव्यास विरोध, आणि ज्यांच्या शिवारात पाणी यावयाचे त्या खालच्या दुष्काळी गावांचा कालव्यासाठी आक्रोश. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२३ मध्ये डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले, व २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पंच्याऐंशी किलोमीटरांच्या या कालव्याचा लाभ नगरचे सहा व नाशिकचा एक अशा सात तालुक्यांतील एकशे ब्याऐंशी गावांस व्हावयाचा आहे. १९७० मध्ये सुमारे आठ कोटींचा असलेला अंदाज तोवर पाच हजार एकशे सत्त्याहत्तर कोटींवर गेला होता. रुपयाची घसरलेली किंमत व वाढलेली कामे जमेस धरली, तरी हा आकडा मन विषण्ण करणारा आहे. पण रुपयांपेक्षा दुसरा आकडा अधिक बोचतो. १९७० मध्ये पाण्याच्या आशेने बसलेला वीस वर्षांचा तरुण शेतकरी २०२३ मध्ये त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. त्याच्या वाया गेलेल्या हंगामांची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची?

या शास्त्रातील एक कल्पना येथे उपयोगी पडेल. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या तज्ज्ञांनी कामांचा एक नकाशा करण्याची पद्धत काढली. तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. घराचेच उदाहरण घ्या. पाया झाल्यावाचून भिंत नाही, भिंतीवाचून आढे नाही, आढ्यावाचून छप्पर नाही. या साखळीतील एक दिवस चुकला तर सारे घर एक दिवस लांबते. उलट, कुंपण आठ दिवस उशिरा झाले तरी गृहप्रवेश अडत नाही. व्यवस्थापकाने डोळ्यांत तेल घालून जपावयाची ती पहिली साखळी. भंडारदऱ्याच्या बाबतीत ही साखळी दगड, चुना व पावसाळा यांची होती, आणि तेथील अभियंत्यांनी ती उत्तम ओळखली. निळवंड्याची साखळी दगडामातीची नव्हती. ती पुनर्वसन, जमिनीचा ताबा, दरवर्षी मिळणारा निधी व कालव्याच्या वाटेवरील शेतकऱ्याची संमती यांची होती. पण ही कामे प्रशासनाच्या लेखी कुंपणासारखी ठरली. ती सावकाश उरकतील, अशा समजुतीने भिंत पुढे गेली, आणि पाणी भिंतीशी येऊन थांबले. माणसांस विचारले म्हणून निळवंडे लांबले, असा निष्कर्ष काढणारे चुकतात. माणसांस वेळेवर विचारले नाही, दिलेला शब्द वेळेवर पाळला नाही, आणि पैसा तुकड्यातुकड्यांनी दिला, म्हणून ते लांबले.

तिसरी वगळलेली बाब म्हणजे खुद्द बांधणारा मजूर. १८७७ चा पौंड व आणा गेला. १९९६ मध्ये केंद्राने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. त्याबरोबर बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी वापरण्याची योजना आली. मजुराचे आजारपण, म्हातारपण व मुलांचे शिक्षण हाही इमारतीच्या खर्चाचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्याची नोंद नाही त्यास लाभ नाही. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, परवा तिसऱ्याच मुकादमाच्या हाताखाली, असे ज्याचे जीवन, त्याने नोंद कोठे व कशी करावी? उचलीची चाल आजही मेलेली नाही. पाथर्डी-जामखेडकडील कोरडवाहू गावांत ती ऊसतोडणीच्या रूपाने घराघरांस परिचित आहे. पुण्यामुंबईकडे उंच इमारती ज्यांच्या हातांनी उठतात, त्यांची पालेही त्या इमारतींच्या पायथ्याशी वाचकांनी पाहिली असतील. इमारत पुरी होते, राहणारे येतात, आणि पाले उठून पुढच्या पायाकडे जातात.

आमच्या भाषेने खर्चाच्या आराखड्यास ‘अंदाजपत्रक’ हा मोठा प्रामाणिक शब्द योजिला आहे. तो अंदाज आहे, वचन नव्हे, ही कबुली त्या नावातच आहे. चूक अंदाज चुकण्यात नसते. कित्येक रकाने मुळातच न आखण्यात असते. पाटबंधारे आयोगाने न पडलेल्या दुष्काळाची किंमत वहीत धरली, तेव्हा भंडारदरा शक्य झाले. खालून उचलणारे पाणी धरले नाही, ते १९६९ मध्ये वसूल झाले. उठणारा माणूस धरला नाही, तो पुढच्या पिढीत निळवंड्यास आपला हिशेब घेऊन उभा राहिला. दोन्ही धरणांचे श्रेय व दोष वेगवेगळे आहेत. पण वरच्या धरणाने टाळलेल्या प्रश्नांचे ओझे खालच्या धरणावर आले, हे विसरून केलेली तुलना अन्यायाची होईल. उद्या या जिल्ह्यात जो कालवा, जो रस्ता वा जी शाळा बांधली जाईल, तिच्या पत्रकात जागा सोडणाऱ्याचा, काम करणाऱ्याचा व नंतरच्या डागडुजीचा असे तीन रकाने पहिल्याच पानावर आखलेले असावेत, एवढे मागणे या कहाणीवरून करता येईल.

भंडारदऱ्यास जाणारे बहुतेक लोक जलाशयाच्या काठावरून धरण पाहतात. तेथून निळे पाणी दिसते, डोंगर दिसतात, आणि भिंतीचा माथा दिसतो. देखावा रमणीय आहे यात संशय नाही. परंतु वाचकांपैकी कोणी तिकडे गेल्यास त्याने थोडे खाली उतरून भिंतीची मागील बाजूही अवश्य पाहावी. मूळ बांधणाऱ्यांनी न योजिलेले, मागाहून दिलेले दगडी टेकू तेथे रांगेने उभे आहेत.